वरून पाणी सोडलंय

आमच्या वरच्या मजल्यावर अण्णा राहतात. त्यांच्या गॅलरीत सतरा कुंड्या आहेत. वर न जाताही मला हा आकडा माहीत होता, थेंब मोजून. सकाळी साडेसहाला अण्णा झाडांना पाणी घालतात आणि सहा पस्तीसला ते आमच्याकडं पोचतं. आधी पेपरवर, मग माझ्या टकलावर, उन्हाळ्यात बायकोच्या सांडग्यांवर. सांगायचं होतं ते एवढंच : "अण्णा, कुंड्यांखाली ताटल्या ठेवा." मोजून चार शब्द.

१८४३ साली मराठी नाटक जिथं उभं राहिलं, त्या सांगलीचा मी. आरशासमोर तालीम केली. रागानं म्हणून पाहिलं, हसत म्हणून पाहिलं, आणि जिना चढलो. अण्णांनी दार उघडून "या की!" म्हटलं, तिथंच निम्मा राग उतरला. उरलेला काकूंच्या भडंगानं उतरवला. त्यातही अण्णा बशीतले शेंगदाणे माझ्या बाजूला सरकवत होते. अशा माणसाला ताटल्यांचं कुठल्या तोंडानं सांगायचं? "बाग मस्त ठेवलीय हो," असं काहीतरी मी बोलून गेलो. खाली उतरलो तेव्हा हातात कढीपत्त्याची कुंडी होती. आता तिचं पाणी तळमजल्यावरच्या वहिनींच्या दारात पडतं, पण तो विषय वेगळा.

जुन्या बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचे. गाऱ्हाणं सांगायलाही असा रुमाल हवा होता.

"अहो, ग्रुपवर टाका," बायको म्हणाली.

ग्रुपवर बत्तीस जण. 'अण्णा' लिहिलं, खोडलं. 'काही सभासद' लिहिलं, तेही खोडलं, कारण काही म्हणजे कोण हे बत्तीस जण विचारणार. ग्रुपवर माणूस बोलत नाही, परिपत्रक काढतो. शेवटी गेलं ते असं : "सर्वांना नम्र विनंती. वरून पाणी सोडले जात असून ते आमच्या घरापर्यंत आले आहे. कृपया दखल घ्यावी." खाली जोडलेले हात. पाठवलं आणि आंघोळीला गेलो.

महिना ऑगस्टचा होता.

दुसऱ्या गावात हे खपलं असतं. सांगलीत पूर यायला सांगलीत पाऊस पडावा लागत नाही, कोयनेच्या डोंगरात पडला की झालं. १०५ टीएमसीचं धरण भरत आलं की आमच्याकडं लोक "बरं आहे का?" विचारायच्या आधी "आयर्विनला किती?" विचारतात. कृष्णेवरच्या या आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९ ला पाणी सत्तावन्नच्या वर गेलं होतं. हे आकडे इथं पोराटोरांना पाढ्यांसारखे पाठ. ऑगस्टात 'वरून' आणि 'सोडलं' या दोन शब्दांना सांगलीत एकच अर्थ उरतो.

आंघोळ करून आलो तर एक्केचाळीस मेसेज. "किती क्युसेक?" "कोयनेचं का वारणेचं?" एकानं दरवर्षीप्रमाणं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला धरलं होतं. दोघांनी नुसताच अंगठा दाखवला होता, त्यात एक अण्णांचा. घाबरून मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. हल्ली त्याला अडीच दिवसांची मुदत मिळते म्हणे. सांगलीकरांना अडीच मिनिटं पुरतात. उलट डिलीट झाल्यावर लोकांची खात्रीच पटली : "बघा, दाबलं!" तोवर तासगावच्या मावशीकडून माझाच मेसेज मला आला, पुष्कळ हात फिरल्याची दोन बाणांची खूण घेऊन. वर मावशीची पुरवणी : "आतली बातमी आहे. तू जागा आहेस ना?"

गल्लीत मंडळाचा मांडव पडत होता आणि माइकची चाचणी चालू होती. पोरांना बोलायला काहीतरी हवंच होतं. "हॅलो, हॅलो... दुसऱ्या मजल्यावरच्या सरांच्या घरात पाणी शिरलेलं आहे... हॅलो..."

दुसऱ्या मजल्यावर पाणी शिरायचं तर आयर्विनला किती फूट लागेल, हा हिशेब पाढे पाठ असलेल्या गल्लीत एकानंही केला नाही. तळमजल्यावरच्या वहिनी मिक्सर, हळदीचा डबा आणि शिलाई मशीन घेऊन वर आल्या. पाणी आमच्या घरात शिरलंय म्हणून सामान आमच्याच घरात! मी ग्रुपवर घाईघाईनं लिहिलं : "पाणी कोयनेचं नाही, कुंडीचं आहे." ते कुणी वाचलं नाही. सगळ्यांचे हात सामानात अडकले होते.

वाचलं ते अण्णांनी. वहिनींचा सिलिंडर जिन्यातून वर आणता आणता ते थांबले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कुंडीचं होय? कुणाच्या ओ? नाव सांगा. तुम्ही भिडस्त माणूस, तुम्हाला नाही जमायचं. मी बोलतो त्याच्याशी."

"असू दे की अण्णा," मी म्हटलं आणि सिलिंडरची दुसरी बाजू धरली.