गप्पा जरूर मारा, पण वेळ बघून

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या आवारात, स्टॉलवाल्यांशी गप्पा कशा माराव्यात यावरचा लेख वाचला. त्यातला 'रांगेत असतानाच अंकलशी (स्टॉलवाल्या काकांशी) बोलायला लागा' हा सल्ला पटला नाही. दुपारी बारा ते दीड ही त्यांची ऐन धंद्याची वेळ. 'चार क्वे त्याव' (शिंपल्या घालून परतलेल्या तांदळाच्या चपट्या नूडल्स) बरेच जण एका खेपेला थोड्याच प्लेट परततात. कढई धूर सुटेपर्यंत तापलेली असते. लसूण पडल्यावर काही सेकंदांत नूडल्स गेल्या नाहीत तर तो करपून कडू होतो आणि हात थांबला की नूडल्स तळाला धरतात. तेव्हा फक्त कामाचं बोला: किती प्लेट, तिखट किती, इथेच खाणार की 'तापाउ', म्हणजे पार्सल. शिंपल्या नको असतील तर तेही आधीच सांगा, परतायला घेतल्यावर नाही.

गप्पांना अडीचनंतरची वेळ बरी, पण माल संपला की बरेच स्टॉल लवकर बंद होतात. 'किती वर्षं झाली?' यापेक्षा कामातलं विचारा. चिकन राइसवाल्याला विचारा, शिजलेली कोंबडी लगेच बर्फाच्या पाण्यात का बुडवता? कातडी घट्ट होते आणि तिच्याखालचा रस जेलीसारखा धरतो, हे ते आवडीने सांगतात.

लेखात कॉफीचा स्टॉल राहूनच गेला! नुसतं 'कोपी' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क पडणारच. बिनदुधाची, बिनसाखरेची हवी तर 'कोपी-ओ कोसोंग', गोड कमी हवी तर 'स्यू दाई', बर्फ घातलेली हवी तर 'पेंग'. आणि उठताना ट्रे स्वतः परत ठेवा, 2021 पासून तो नियमच आहे.