'पाच खुणा'वाला तो फॉरवर्ड

पाऊस लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'संकटात जीव वाचवणाऱ्या पाच खुणा' हा फॉरवर्ड न चुकता उगवतो. यंदा तो कात्रज-सिंहगड रात्रीच्या ट्रेकला निघालेल्या मुलांना पाठवला गेला, म्हणून लिहायला बसलो.

'एसओएस म्हणजे सेव्ह अवर सोल्स, आणि तो पहिल्यांदा टायटॅनिकवरून गेला.' दोन्ही चूक. ही अक्षरं कशाचंच लघुरूप नाहीत. जर्मनीने १९०५ साली ही खूण आपल्या नियमांत घेतली आणि १९०६ च्या बर्लिन करारात ती आंतरराष्ट्रीय झाली. कारण साधं होतं: मोर्सच्या, म्हणजे तारेच्या कडकट्टाच्या, भाषेत तीन आखूड ठोके, तीन लांब, तीन आखूड, मध्ये कुठेही न थांबता. कितीही खरखर असली तरी कानाला ओळखू येते. एरवी कडकट्टात दोन अक्षरांमध्ये थांबतात, इथे थांबतच नाहीत. त्यामुळे हीच नऊ चिन्हं दुसरीकडे तोडली तर 'व्हीटीबी' होतात. (त्याचा 'व्हीटीला बोलवा' असा अर्थ अजून कुणी फॉरवर्ड कसा केला नाही?) 'सेव्ह अवर सोल्स' लोकांनी मागाहून चिकटवलं. टायटॅनिक बुडालं १९१२ मध्ये. एसओएस जहाजांवरून १९०९ मध्येच गेला होता. टायटॅनिकवरच्या वायरलेसवाल्या जॅक फिलिप्सने तर आधी 'सीक्यूडी' हा मदतीचा जुना संकेतच पाठवला.

'डोंगरात अडकलात तर टॉर्च तीनदा चमकवा.' अमेरिकेत हे चालतं. पण आल्प्सकडच्या पद्धतीत मिनिटाभरात सहा वेळा चमकवायचं, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. तिथे तीन हे उत्तर असतं: 'दिसलात.' म्हणजे अडकलेला तीनदा चमकवतोय आणि पाहणारा समजतोय की याला आपला निरोप पोचला! शनिवारी रात्री कात्रजच्या त्या धारेवर तर टॉर्चची रांगच चाललेली असते. नुसता इकडेतिकडे हलवलेला उजेड म्हणजे कुणीतरी बुटाची नाडी बांधतंय, एवढंच वाटणार. मोजून सहा, मग अंधार, पुन्हा सहा, असं झालं तरच कुणी थबकेल. शिट्टीलाही हेच मोजमाप.

'हेलिकॉप्टर दिसलं की एक हात वर करा.' नको. दोन्ही हात वर, इंग्रजी वायसारखे, म्हणजे मदत हवी. एक वर आणि एक खाली म्हणजे नको.

'११२ हा मदतीचा नंबर रेंज नसतानाही लागतो.' आपल्या कंपनीची रेंज नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीचा टॉवर धरू शकतो, इतकंच खरं. घळीत कुणाचीच कांडी येत नसेल तर ११२ काय आणि ९११ काय. आधी वर, मोकळ्यावर या.

'धो-धो पावसात गाडी चालवताना चारही इंडिकेटर लावा.' कात्रजच्या बोगद्यात निम्मं पुणे हेच करतं. बंद पडून उभ्या राहिलेल्या गाडीसाठी ते दिवे असतात. बहुतेक गाड्यांत ते चालू असताना वळायचा इंडिकेटर दिसतच नाही, मग तुम्ही लेन बदलताय हे मागच्या ट्रकवाल्याने कशावरून ओळखायचं?