लॅबसाठी नवे कॉम्प्युटर घेण्याआधी अर्थिंगचा खड्डा बघा

मार्च आला की छोट्या कॉलेजांत खरेदी समितीच्या बैठका सुरू होतात. निधी परत जायला नको, म्हणून घाईघाईने तीन कोटेशनं मागवायची, सगळ्यात कमी दरावर सही करायची आणि जूनच्या आत तीस मशीन लॅबमध्ये. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते, फोटो निघतो. माझं मत विचाराल तर सोलापुरात कॉम्प्युटर जुने होऊन मरत नाहीत. वीज, ऊन आणि धूळ त्यांना आधीच मारतात. आणि या तिघांसाठी बजेटमध्ये रकाना नसतो.

आपल्याकडची माती काळी. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या (गळतीची वीज जमिनीत नेणाऱ्या) पाइपापासून सुटते आणि रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, वाढतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये घेतलेलं रीडिंग फाइलला लावून उपयोग नाही. मे महिन्यातलं घ्या. पाच ओहमच्या वर असेल तर खड्डा दुरुस्त करायला हवा, लॅबसाठी एक-दोनच्या आसपास आलं तर उत्तम. उन्हाळाभर आठवड्यातून दोन-तीन बादल्या पाणी खड्ड्यात ओतायचं काम कुणाला तरी नावानिशी द्या. ‘शिपाई बघतील’ असं म्हटलं की ते कुणीच बघत नाही.

हे रीडिंग घेणारा अर्थ टेस्टर नसेल तर साधा मल्टिमीटर चालतो. लॅब पूर्ण सुरू असताना सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. भरल्या लोडवर अगदी शून्य आला तर खूश होऊ नका: बऱ्याचदा वायरमनने बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकलेले असतात. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या पॉइंटला अर्थ पोहोचतच नाही. एसएमपीएसमधल्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टरमुळे अशा बॉडीवर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसू शकतो.

याहून वाईट म्हणजे ढिला न्यूट्रल. थ्री फेजच्या मेन पॅनलमध्ये न्यूट्रल सुटला की एका फेजवर २३० ऐवजी तीनशे-साडेतीनशे व्होल्टसुद्धा जाऊ शकतो, आणि त्या फेजवरचे सगळे एसएमपीएस एका मिनिटात जातात. अॅल्युमिनियमची केबल तापून-गार होऊन लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) ढिला पडतो. वर्षातून एकदा, परीक्षेच्या आधी, सप्लाय बंद करून सगळे लग आवळून घ्यायचे. खर्च वायरमनच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतका. बोअरचा पंप लॅबच्या फेजवर नको, हेही त्याच दिवशी बघून घ्या. डायरेक्ट स्टार्टरवर मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते आणि त्या झटक्याला लॅबमधली मशीन रीस्टार्ट होतात.

आता यूपीएस. तीस डेस्कटॉप म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट, त्याला पाच केव्हीए क्षमतेचा पुरतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर नको, कारण त्याचा हीटर अचानक हजारेक वॅट ओढतो. बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं, आणि त्यावर दर दहा अंशांना ते निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३, आणि यूपीएस कुठे? वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याच्या खोलीत. वर धूळ बसू नये म्हणून सोलापुरी चादर. चादर चांगली आहे हो, पण यूपीएसला थंडी वाजत नाही. तळमजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत हलवा आणि एक्झॉस्ट फॅन बसवा. खोली तरीही चाळिशीला जात असेल तर व्हेंडरला फ्लोट व्होल्टेज (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा चार्जिंगचा व्होल्टेज) कमी करायला सांगा: प्रत्येक १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १३.६ ऐवजी १३.३.

सोळा बॅटऱ्यांच्या सिरीजमध्ये एक मेली की पूर्ण बँक बसते. दर तीन महिन्यांनी मेन बंद करून लोडवर एकेक बॅटरी मोजा. बाकीच्या बारावर आणि एखादी साडेदहाच्या खाली असेल तर दोषी तीच. दोन-तीन वर्षं जुन्या संचात मात्र एखादीच नवी घालू नका, जुन्या बॅटऱ्या तिलाही ओढून नेतात. आणि एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या करारावर) सही करताना विचारा, ‘बॅटरी त्यात आहे का?’ बहुतेक वेळा नसते.

नेटवर्कच्या तक्रारींत ‘नेट स्लो आहे’ हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. लाइन क्वचितच दोषी असते. वाय-फायला २५४ पत्त्यांचा (आयपी अॅड्रेसचा) पूल, म्हणजे साठा, आणि मोबाइल चारशे. लीज (एका मोबाइलसाठी पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांची, म्हणजे दुपारपर्यंत पत्ते संपले. लीज दोन तासांवर आणा किंवा पूल मोठा करा. दुसरं कारण म्हणजे स्टाफरूममध्ये कुणीतरी घरचा राउटर आणून लॅन पोर्टात खुपसलेला असतो आणि तो स्वतःच पत्ते वाटत बसतो. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या राउटरला पत्ते वाटू न देणारी सोय) आणि लूप प्रोटेक्शन (केबल चुकून त्याच नेटवर्कमध्ये परत जोडली तर पोर्ट बंद करणारी सोय) सुरू केलं की असले प्रकार बंद होतात. साधा अनमॅनेज्ड (सेटिंग बदलता न येणारा) स्विच हे करू शकत नाही, म्हणून तिथे पैसे वाचवू नका.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नको, फायबरच टाका. वळवाच्या विजा तांब्यातून येऊन दोन्हीकडचे पोर्ट जाळतात. इमारतीच्या आतल्या नेटवर्क केबलसाठी कोटेशनमध्ये ‘शुद्ध तांब्याची कॅट सिक्स’ असं लिहून घ्या, नाहीतर तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची येते आणि त्याच केबलवरून वीज घेणारे लांबवरचे कॅमेरे रात्री इन्फ्रारेड लागला की बंद पडतात. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या असतील तर त्या एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे बाहेर जाऊन डोळ्यांनी बघा.

अनेक जुन्या मशीनवर वेबसाइट उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटला जातो. आधी तारीख बघा. बोर्डवरचा बटन सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि ब्राउझर साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट नाकारतो. सेल किरकोळ किमतीचा, सीआर २०३२. पंधरा-वीस आणून ठेवा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, म्हणून व्हेंडर ती सगळी निर्लेखनाला (नोंदीतून कमी करून भंगारात) काढायला सांगेल. घाई नको. कॉमर्सच्या लॅबला टॅलीसाठी विंडोज लागतंच, तिथे नवी मशीन ठेवा. बाकीच्यांत २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) घालून लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाका. सी, पायथन, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायला ती अजून काही वर्षं चालतील.