आज हॉल कशाचा?

आमच्या विद्यापीठाच्या हॉलवर ‘बहुउद्देशीय क्रीडा व सांस्कृतिक सभागृह’ अशी पाटी आहे. पाटी रंगवणाऱ्याने उद्देश मोजले नसावेत. आम्ही किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारी माणसं सकाळी एकमेकांना ‘चहा झाला का’ विचारत नाही. ‘आज हॉल कशाचा?’ असं विचारतो.

उत्तर जमिनीवर लिहिलेलं असतं, पण अनेक रंगांत. बास्केटबॉलचं २८ बाय १५ मीटरचं कोर्ट, त्याच्या पोटात व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, आणि दोघांना आडवी छेदत बॅडमिंटनची तीन कोर्टं, प्रत्येकी १३.४० बाय ६.१०. नवा खेळाडू पहिला आठवडा प्रतिस्पर्ध्याशी नाही, रेघांशी खेळतो.

खरी परीक्षा पदवीप्रदान समारंभाच्या आदल्या रात्री. संध्याकाळी सातपर्यंत कबड्डी, सकाळी दहाला मान्यवर. आधी मॅट उचलायच्या. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे मीटर-मीटरच्या १३० मॅट, भोवतीच्या वेगळ्या. कोपऱ्यापासून सोडवत गेलं की त्या निमूट सुटतात. मधलीच ओढली की दात तुटतो आणि पुढच्या सामन्यात नेमकी बोनस रेषेवर फट पडते. मागे नंबर टाकावेत, तेही मार्करने. खडू पुसला जातो, मग १३० तुकड्यांचं कोडं सोडवत बसा. त्यानंतर नेटचे खांब उपसून खोबण्यांवर झाकणं लावायची. एखादं राहिलं तर सोफ्याचा पाय तिथेच जातो. सोफ्यावर कोण बसलेलं असतं, ते सांगायला नको.

लाकडी जमिनीवर आच्छादन, जोड वीतभर एकमेकांवर चढवलेले, वर चिकटपट्टी. पट्टी आच्छादनाला लावायची, लाकडाला नाही. हे मंडपवाल्याला तीनदा सांगावं लागतं आणि तिन्ही वेळा तो ‘टेन्शन घेऊ नका सर’ म्हणतो. तिथूनच टेन्शन सुरू होतं. हजार खुर्च्या म्हणजे चार हजार पाय. खुर्ची उचलून ठेवायची असते. त्याची पोरं दहा-दहाची चळत ढकलत आणतात. स्टेजच्या पाइपांखाली प्लायवूडचे तुकडे हवेतच, नाहीतर स्टेजचं आणि वरच्या विद्वत्तेचं सगळं वजन चार बोटांच्या जागेवर येऊन लाकडाला खळगा पडतो.

पण खुर्ची परवडली, रांगोळी नको. रांगोळी म्हणजे दळलेला दगड. ती पायापायाने हॉलभर जाते आणि बुटाखाली पॉलिशपेपरचं काम करते. विरोध करावा तर आपण संस्कृतीच्या मुळावर उठलो असं लोकांना वाटतं. म्हणून ती प्लायवूडवर काढायला लावायची आणि नंतर प्लायवूडच उचलून बाहेर न्यायचं. समईखाली ताट, ताटाखाली दुसरं ताट. सांडलेलं तेल पुसल्यासारखं दिसतं, पुसलेलं नसतं; तिसऱ्या दिवशी बॅकहँडला धावलेला खेळाडू त्याच जागी साष्टांग घालतो. बादलीभर पाण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ते फळ्यांच्या सांध्यात मुरतं. तेलापुरतं क्लीनरमध्ये भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, बाकी सगळीकडे कोरडा रुंद मॉप.

आता आवाज. मागची भिंत चाळीस मीटरवर असेल तर शब्द जाऊन परतायला साधारण पाव सेकंद घेतो. पत्र्याचं छत, सिमेंटच्या भिंती. शोषून घेणारं कोणीच नाही. निवेदिका ‘मान्यवर’ म्हणते, भिंत ‘वर... वर...’ म्हणते, आणि पहिली रांग वर बघते. वर कबुतरं असतात. साउंडवाला रिकाम्या हॉलात माइक जुळवतो. माणसं बसली की त्यांचे देह आणि कपडे आवाज पितात, आणि जुळवलेलं सगळं बिघडतं. समोर मोठे भोंगे ओरडवण्यापेक्षा जागोजागी छोटे स्पीकर, लोकांकडे झुकवलेले, मागच्या स्पीकरांना किंचित उशीर दिलेला, हे बरं. नाशिक ढोल आत आणू नये. युवक महोत्सवात आणतातच.

जुने मेटल हलाइड दिवे असतील, तर वीज क्षणभर गेली तरी निवून पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात अध्यक्षीय भाषण उरकतं असंही नाही.

पावसाळ्यात फळ्या फुगतात. भिंतीकडेची फट त्याचसाठी सोडलेली असते; ‘कचरा जातो’ म्हणून कोणी ती सिमेंटने बुजवली की फळ्या मध्यात उचलल्या जातात. गळतीचं पाणी कुठवर आलं हे सांगायला आमच्याकडे नाशिकच्या गोदेचा पूर ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती नाही, व्हॉलीबॉलची रेघ आहे. हिवाळ्यात निफाडचा पारा घसरला की इकडे शटलची पिसं कोरडी पडून पटापट तुटतात. आदल्या रात्री डब्याला वाफ दाखवावी, पिसांच्या बाजूने; बुचाच्या नाही.

समारंभ संपला की सगळं उलट्या क्रमाने. चिकटपट्टीचा डिंक हेअर ड्रायरने कोमट करून प्लास्टिकच्या पट्टीने सोडवायचा. थिनर लावला तर डिंकाबरोबर पॉलिशही जातं. शेवटी झाकणं मोजायची. सहा असतात, पाच सापडतात. सहाव्या खोबणीवर कँटीनमधली मिसळीची वाटी बरोबर बसते. उताणी ठेवली तर तिच्यात कोणीतरी चहाचा कप टाकतं, पालथी ठेवली तर टाच अडते. उद्या योग दिन. त्या वाटीवर येणाऱ्या चटईवर कोणाला बसवायचं, ते अजून ठरलेलं नाही.