ग्रॉस, टेअर आणि गाईड

गोव्यातल्या डिचोलीत माझी ओळख ‘काट्यावरचा’ अशी. खनिजाने भरलेला टिपर काट्यावर चढायचा आणि मी पावती फाडायचो. भरल्या गाडीचं वजन तो ग्रॉस, रिकाम्या गाडीचं तो टेअर; ग्रॉसमधून टेअर वजा केला की उरेल ते नेट, म्हणजे निव्वळ माल. पुढे तो माल बार्जमधून मुरगावला आणि तिथून थेट चीनला. पत्र्याच्या खोपटात बसून जगाचा व्यापार तोलणारा माणूस मी, अजून काय पाहिजे?

२०१२ मध्ये खाणी थांबल्या. मग गावात एकच जप सुरू झाला, ‘जातल्यो रे सुरू!’ थोड्या झाल्याही. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये सगळं पुन्हा ठप्प. शेजाऱ्याने कर्ज काढून घेतलेल्या टिपरवर त्याच्या आईने कारल्याचा वेल चढवला. कारली उत्तम लागली, पण हप्ते भागतील इतकी नव्हे.

पन्नाशी उलटलेली, काटा बंद. मुलाने माझा रेझ्युमे लिहायला घेतला. ‘काट्यावरचा कारकून’ याचं त्याने ‘लॉजिस्टिक्समधील डेटा व्यवस्थापन’ केलं. टिपरवाल्यांशी रोज व्हायची ती भांडणं ‘वाटाघाटींचं कौशल्य’ झाली. बायकोने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, “अहो, हा माणूस बरा वाटतो. आमच्या वेळी कुठे होता?”

किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात मुलाखत झाली. समोरची मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. “अंकल, प्रेशरखाली काम जमेल?” मी म्हटलं, “बाय, काटा अडकलेला, समोर टिपरांची रांग आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर. प्रेशर म्हणजे अजून वेगळं काही असतं?” तिने हसून कागदावर काहीतरी टिपलं. मला उलटं वाचता येत नाही, पण शब्द दोनच अक्षरांचा होता आणि त्यातलं एक ‘य’ होतं.

शेवटी पर्यटन गाईड व्हायचं ठरवलं. त्याला पाठांतर आलं. जुन्या गोव्यातली बॉम जेझुस बासिलिका १६०५ मध्ये पुरी झाली, सेंट झेवियर १५५२ मध्ये वारले, से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. बायको भाजी चिरता चिरता उलटतपासणी घ्यायची.

“मनोरा कोणी पाडला?”

“कोणी नाही, आपोआप पडला.”

“कंत्राटदार कोण होता?”

हा प्रश्न परीक्षेत आला नाही. पर्यटक मात्र विचारतात, विशेषतः मुंबईचे.

खरी अडचण आवाजाची. माझा गळा टिपरच्या इंजिनावर मात करायला घडलेला. बासिलिकेत पहिल्याच गटाला मी “इकडे बघा!” म्हटलं, तर प्रार्थनेला बसलेल्या दोन आजी उठून उभ्या राहिल्या आणि निमूट इकडे बघू लागल्या.

आता विषय जांभ्याचा. बासिलिकेच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा नाही, जांभा उघडा दिसतो. हाच जांभा आमच्याकडे खनिजाच्या वर थर धरून बसलेला असतो. तो काढायचा तेव्हा कुठे माल दिसायचा, म्हणून खाणीवर सगळे त्याला शिव्या घालायचे. इथे लोक विमानाचं तिकीट काढून येतात आणि त्याच्यासमोर फोटो काढतात! यावर मी अर्धा तास बोलू शकतो, आणि बोलतोच. सेंट झेवियरांचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीपाशी पोचेपर्यंत निम्मा गट शहाळ्याच्या गाड्यावर असतो. उरलेल्यांना मी सांगतो की १९८६ पासून ही चर्चेस जागतिक वारसा आहेत. त्यावर हमखास प्रश्न येतो, “काका, इथून बागा बीच किती लांब?”

संध्याकाळी काजू, खाजं आणि किणकिणणाऱ्या पिशव्या घेऊन सगळे बसमध्ये चढतात. बस जरा खाली बसते. मी मनातल्या मनात टेअर वजा करतो.

२०२४ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्यातून पुन्हा खनिज निघू लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दर दहा वर्षांनी येणारं सेंट झेवियरांचं शवप्रदर्शन सुरू झालं. जुन्या गोव्यात माणसांची अशी रांग, की टिपरांची कधी पाहिली नाही. नेमका त्या गर्दीत फोन वाजला. काट्यावर अनुभवी माणूस हवा होता. पलीकडचा पोरगा हॉर्नवर मात करून ओरडत होता, “काका, कधीपासून येताय?”

“पाच जानेवारीनंतर फोन कर रे,” मी म्हटलं, “सध्या सीझन आहे. आणि जरा हळू बोल, इथे आजी प्रार्थनेला बसल्यात.”