दुधीचं इंजेक्शन आणि आईने उपटलेली मेथी

गेल्या सोमवारी गिरगावात आईकडे गेले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतला मेथीचा ट्रे रिकामा. बोटभर उगवलेली मेथी तिने मुळासकट उपटून टाकली होती. का, म्हणून विचारलं तर तिने फोन पुढे केला. मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आलेला मेसेज होता.

मेसेज थोडक्यात असा: भाजीवाले रात्री दुधीला ‘ऑक्सिन’ या हार्मोनचं इंजेक्शन देतात आणि सकाळी तो हातभर होतो. हे ऑक्सिन पोटात गेलं की मुली लवकर वयात येतात. ऑक्सिन दिलेलं रोप एका बाजूला वाकतं, ती त्याची खूण. देशी भाजीत ऑक्सिन नसतं. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवलं की ते निघून जातं.

आईला मधुमेह आहे. पंधरा दिवस तिच्याकडे ना दुधी, ना पालक. बटाटा आणि वरणभात चाललाय. म्हणून हे लिहितेय.

आधी ती ‘खूण’, कारण मेथी तिच्यापायी गेली. आईकडे दर नवरात्रात घट बसतो. मातीत पेरलेले गहू चार दिवसांत वर येतात आणि त्यांचे पिवळट कोंब खिडकीकडे झुकतात. हे ती लग्न झाल्यापासून बघतेय. त्या कोंबांना कोणी सुई टोचली?

चार्ल्स डार्विनने हेच मुलाला, फ्रान्सिसला, सोबत घेऊन तपासलं आणि १८८० साली पुस्तकात मांडलं. कॅनरी पक्ष्यांना ज्याचं बी घालतात त्या गवताचे कोंब त्यांनी घेतले. म्हणजे गव्हाच्याच कुळातले. शेंड्यावर उजेड न जाणारी टोपी घातली तर कोंब वाकेना. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला तर वाकला. उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतो खालचा भाग, म्हणजे वरून खाली काहीतरी जात असणार, असं त्यांनी लिहून ठेवलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे ऑक्सिन, रोप स्वतःच बनवतं ते वाढीचं हार्मोन. फ्रिट्स वेंट या डच संशोधकाने १९२६च्या सुमारास ओटच्या कोंबांचे कापलेले शेंडे अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) तुकड्यावर ठेवले, मग नुसता तो तुकडा शेंडा नसलेल्या कोंबावर एका कडेला ठेवला. काळोखातसुद्धा कोंब दुसऱ्या बाजूला वाकला.

उजेड एकाच बाजूने आला की ऑक्सिन सावलीच्या बाजूला सरकतं. तिथल्या पेशींच्या भिंती सैल होतात, पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे कलतो. मेथीचंही तसंच. आईची खिडकी पश्चिमेला आहे आणि समोर दुसरी चाळ. मेथीने उजेड शोधला, एवढाच तिचा गुन्हा.

आता इंजेक्शन. लिहिणाऱ्याने ऑक्सिन आणि ऑक्सिटोसिन यांची गल्लत केलेली दिसते. ऑक्सिटोसिन प्राण्यांचं: बाळंतपणाच्या कळा, पान्हा. तबेल्यात म्हशींना पान्हा सुटावा म्हणून ते टोचतात, हे खरं आहे आणि वाईटच आहे. दुधीलाही कोणी टोचत असेल. मी नाही म्हणणार नाही. पण दुधीला पान्हा फुटत नाही, आणि ऑक्सिटोसिन ओळखणारी यंत्रणाही त्याच्याकडे नाही. टोचणाऱ्याचे पैसे तेवढे जातात.

आणि खरंखुरं ऑक्सिन टोचलं तर? ते पाण्यासारखं नळीतून धावत नाही. एका पेशीतून दुसरीत, तासाला साधारण एक सेंटिमीटर, असं ते उतरतं. पेशीत शिरणं सोपं. बाहेर पडायला मात्र ‘पिन’ नावाच्या प्रथिनांची दारं लागतात, आणि खोडात ती बहुतेक पेशीच्या बुडाच्या बाजूला असतात. म्हणून प्रवाहाला दिशा असते. फांदी उलटी रोवली तरी मुळं तिच्या मूळच्या बुडाकडूनच फुटू पाहतात. फळात ऑक्सिन तयार होतं ते परागण झालेल्या कोवळ्या बियांमध्ये. तिथून ते देठातून वेलाकडे जात राहतं, म्हणून देठ सुटत नाही. परागण न झालेला कोवळा दुधी पिवळा पडून गळतो, हे वेल लावलेल्या कुणालाही विचारा.

जास्त मात्रा दिली तर काय होतं, तेही शेतकऱ्यांना ठाऊक आहे. टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे कृत्रिम ऑक्सिनच. रुंद पानांचं तण त्याने वेडंवाकडं पिळवटून मरतं. शेजारच्या कपाशीवर उडालं तर तिची पानं भेंडीच्या पानांसारखी होतात. दुधी रुंद पानांचाच. ऑक्सिनचा मारा झालेला वेल बाजारात दुधी पाठवायला जगणार नाही.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. फळगळ थांबवायला एनएए फवारतात, तेही कृत्रिम ऑक्सिन. द्राक्षांना जीए (जिबरेलिक ॲसिड) देतात, ते वेगळं संप्रेरक. मात्रा आणि वेळ न पाळता फवारणारे असतील तर त्यांना जरूर जाब विचारावा. रुळांलगतच्या पालेभाजीला नाल्याचं पाणी घालतात, ही तक्रार तर मीही करते. मेसेजमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.

मुली वयात येण्याचं बोलायचं तर ऑक्सिन ज्या प्रथिनाला जाऊन बसतं ते टीआयआर-१ वनस्पतींचं आहे. ऑक्सिन त्यालाच जाऊन बसतं, हे २००५ साली सिद्ध झालं. माणसात ते नाही. उलट ऑक्सिन वेगळं काढलं गेलं तेच १९३०च्या दशकात, माणसाच्या लघवीतून! आपल्या आतड्यातले जीवाणूही ते बनवतात. देशी असो की संकरित, ऑक्सिनशिवाय रोप उभंच राहणार नाही. मिठाच्या पाण्याने माती निघेल, पेशीतलं ऑक्सिन नाही.

बुधवारी आईबरोबर ट्रेमध्ये गहू पेरले. कोंब माती फोडून वर आल्याबरोबर पाचांच्या शेंड्यांवर ॲल्युमिनियम फॉइलच्या बारीक टोप्या घातल्या. दुसऱ्या दिवशी टोपीवाले सरळ होते, बाकीचे खिडकीकडे कललेले. आईने चष्मा लावून दोनदा पाहिलं, फोटो काढला आणि मावशीला फोन लावून म्हणाली, “अगं, तो दुधीचा मेसेज पुढे पाठवू नकोस.”