एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नये
‘विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी दरवर्षी छातीचा एक्स-रे काढला की फुप्फुसाच्या कर्करोगाची चिंता नको’ हा नागपुरात व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश चुकीचा आहे. बरगडीच्या किंवा हृदयाच्या सावलीआड दडलेली काही मिलिमीटरची गाठ एक्स-रेमध्ये सहज निसटते, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत एक्स-रेच्या तुलनेत किरणांच्या कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले. तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाची या स्कॅनची शिफारस ५० ते ८० वयाच्या, किमान २० वर्षे रोज एक पाकीट किंवा तितकेच धूम्रपान केलेल्या आणि अजूनही ते करणाऱ्या किंवा सोडून १५ वर्षे न झालेल्यांपुरती आहे. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रणही स्कॅनवर गाठीसारखे दिसू शकतात, म्हणून पूर्वी क्षय झाला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. खोकल्यातून रक्त पडत असेल, तर मात्र थांबू नये. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लगेच दाखवावे.